सरहद्दीवरचं भात

अब्दलीला हौसेने कोणी येत नाही. कुवेत शहरातून उत्तरेला निघालं की मुतलाची टेकडी मागे पडते, पुढे नुसतं सपाट, आणि ते सपाट जिथे संपतं तिथे आमचे मजरे, म्हणजे शेतं. त्यांच्यापुढे चर, कुंपण आणि पलीकडे इराक. त्यातल्या एका मजऱ्यावर मी सुपरवायझर आहे. शहराजवळच्या फरवानियातले आमचे रायगडवाले मला 'बॉर्डरवाला' म्हणतात. त्यांची तिकडे दुकानं, नोकऱ्या, शुक्रवारची नमाज झाली की हॉटेलात बसून गप्पा. मी महिन्यातून एखाद्या शुक्रवारी भाजीच्या ट्रकमधून जातो, चहा पितो, सगळ्यांच्या पोरांची लग्नं ऐकतो आणि त्याच ट्रकने परत येतो. याला माणसांची सवय राहिली नाही असं कोणी म्हणालं तर मला राग येतो. सवय आहे हो, माणसं नाहीत.

मजऱ्यावर कामगार आहेत, पण ते बांगलादेशचे, त्यांचं त्यांच्यात छान चाललेलं असतं. मी जवळ गेलो की बोलणं थांबतं. सुपरवायझरशी कोण गप्पा मारणार? बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी मीरा रोडला असते, तिची मुलं फोनवर इंग्रजीत 'हाय नाना' म्हणतात आणि फोन आईच्या हातात कोंबून पळतात. गावाला फक्त माझी मोठी बहीण, आपा. तिचा नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आमच्याच घरात राहते आणि आमचं शेत सांभाळते. आठवड्यातून एकदा तिचा फोन येतो आणि ती मला तोंडभरून शिव्या देते. आठवडाभरात माझ्याशी कोणी मनापासून बोललेलं तेवढंच असतं.

मी आलो तेव्हा इथे उघड्यावर टोमॅटो, काकडी, जनावरांसाठी हिरवा चारा आणि वाऱ्याला आडोसा म्हणून खजुराच्या रांगा होत्या. विहिरीचं पाणी मचूळ. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. बाकीचे तो बघून कपाळाला हात लावायचे आणि मला मेलं घरी आल्यासारखं वाटायचं, कारण मी खारजमिनीत वाढलेला. मग सगळं बदलत गेलं. आधी प्लास्टिकची छपरं आली, मग त्यांत मोठाले पंखे आणि पाणी झिरपणाऱ्या पुठ्ठ्याच्या भिंती आल्या, आणि शेवटी मातीच गेली. आता लेट्यूस पाइपात उगवतं आणि स्ट्रॉबेरी टांगलेल्या पन्हळीत. शेजारच्या काही मजऱ्यांवर तर शेतीच्या जागी पोहायचे तलाव झालेत, शहरातली कुटुंबं सुट्टीला येऊन कोळशावर मटण भाजतात. आमच्या मुअज्जिबने, म्हणजे मालकाने, ठरवलं की आपण कोरियन पद्धतीचं हरितगृह बांधायचं. त्या हरितगृहाबरोबर एक कोरियन आला.

साठी उलटलेला, बुटका, उन्हाने रापलेला माणूस. त्याची पत्र्याची खोली माझ्या खोलीला लागून. कामगार त्याला बाबा म्हणायला लागले म्हणून मीही म्हणायला लागलो, तसा तो माझ्याहून फार मोठा नव्हता. आमच्यात भाषा म्हणजे इंग्रजी, त्याचीही मोडकी आणि माझीही. दोन लंगडे एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून चालतात तसं आमचं बोलणं चालायचं. काम मात्र त्याला येत होतं, त्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

पण त्याच्या दोन सवयींनी माझं डोकं फिरायचं. एक म्हणजे तो गाडीच्या चाकांनी पडलेल्या खुणांवरूनच चालायचा. हरितगृह समोर दिसतंय, मध्ये मोकळी वाळू आहे, सरळ गेलं तर पाव मिनिटाचं काम, पण नाही, हा सगळा वळसा घालून चाकोरीने येणार. दुसरं म्हणजे सूर्य बुडायला आला की हातातलं काम टाकून खोलीकडे चालायला लागायचा. अहो, कुवेतच्या उन्हाळ्यात खरं काम सूर्य बुडाल्यावरच होतं! दिवसा पंखासुद्धा गरम वारा मारतो. एकदा त्याने पंपाची जोडणी अर्धी सोडली आणि निघाला. मी त्याच्या मागे धावत गेलो आणि मराठी, हिंदी, इंग्रजी, जे तोंडाला आलं त्यात त्याला कामचुकार म्हणालो.

तो रागावला नाही. खोलीच्या पायरीवर मला बसवलं आणि वाळूत काठीने एक रेघ ओढली. रेघेच्या खालच्या बाजूला एक गोल काढला आणि म्हणाला, हे माझं गाव.

पुढे कितीतरी संध्याकाळी त्या पायरीवर मी त्याच्या तालुक्याची गोष्ट ऐकली. तालुक्याचं नाव त्याने अनेकदा सांगितलं, माझ्या जिभेवर ते कधी बसलं नाही. त्यांच्या देशाच्या वरच्या टोकाला, डोंगरांनी वेढलेलं काळ्या मातीचं मैदान. लढाईच्या आधी तिथे भरलेलं गाव होतं, रेल्वे स्टेशन होतं, तांदळाचा बाजार होता. लढाईत ते कधी वरच्यांनी घेतलं, कधी खालच्यांनी, आणि दोघे थकले तेव्हा रेघ त्या तालुक्याच्या पोटातून गेली. गावाचा मागमूस उरला नाही. कितीतरी वर्षं नुसते सैनिक आणि गवत. मग सरकारला वाटलं, आपली जमीन ओसाड पडलेली पलीकडच्यांना दिसता कामा नये. म्हणून नवी वस्ती वसवली. सगळी घरं सारखी आणि सगळ्यांची तोंडं उत्तरेला, म्हणजे पलीकडून बघणाऱ्याला वाटावं, वा, काय मजेत राहताहेत! माणसं आणली ती फौजेतून सुटलेली, बिनजमिनीची. त्यांना सांगितलं, जेवढी जमीन साफ कराल तेवढी कसा. साफ करायची म्हणजे झाडझाडोरा काढायचा नव्हता, सुरुंग काढायचे होते.

बाबाचा बाप काठीने माती टोचत टोचत शेत करायचा. एका वर्षी त्याचा पाय गेला. हे त्याने इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मला वाटलं इंग्रजीत काहीतरी चुकतंय, म्हणून मी पुन्हा विचारलं, तर त्याने स्वतःच्या गुडघ्याखाली हाताने आडवी रेघ मारून दाखवली. त्यानंतरही बाप लाकडी पायाने भात लावत राहिला. पोरांना चालायला लागल्यापासून एकच शिकवण, चाकाच्या खुणेवरून चाला, गवतात पाऊल टाकू नका. शेतावर जायचं तर चौकीवर पास दाखवायचा आणि सूर्य बुडायच्या आत परत चौकीतून बाहेर यायचं, नाहीतर सैनिक बंदुका घेऊन शोधायला येतात. आता ती चौकी पुढे सरकली, कोणी फार विचारत नाही, पण त्याच्या पायांना कोण सांगणार? इथेही लढाई होऊन गेलेली आहे. कुंपणाबाहेरच्या वाळूत जाऊ नका असे फलक आमच्याच मजऱ्याबाहेर लागलेले आहेत. मी ते इतकी वर्षं वाचत होतो आणि मला काहीच वाटत नव्हतं. कामचुकार हा शब्द मी गिळला आणि दुसऱ्या दिवसापासून पंपाची कामं सकाळी ठेवली.

त्या जमिनीत मग सोन्यासारखा तांदूळ पिकायला लागला. पिकायला लागल्याबरोबर लढाईच्या आधीच्या मालकांची मुलं-नातवंडं शहरातून कागद घेऊन हजर झाली. पिकलं की वाटेकरी येतात, ते सगळ्या मुलखात सारखंच. बाबाच्या बापाच्या हातात थोडीच जमीन राहिली. पुढे त्यांच्याकडची माणसं भात कमी खायला लागली, तालुक्यात हरितगृहं उभी राहिली, ढोबळी मिरची आणि टोमॅटो आले. सफरचंद म्हणे आधी खाली दक्षिणेला व्हायचं, थंडी जशी वर सरकली तशी झाडंही तिच्या मागून वर आली. तरुण मुलं शहरात गेली, त्यांच्या जागी नेपाळ आणि कंबोडियाची मुलं राबतात. बाबानेही हरितगृहाची विद्या घेतली आणि देशोदेशी जाऊन ती बांधायला लागला. मागे राहिली त्याची आई. नव्वदीच्या घरातली बाई, एका तुकड्यात अजून भात लावते. हिवाळ्यात तिकडे मोठे करकोचे उतरतात, त्यांच्यासाठी ती पडलेल्या लोंब्या उचलत नाही.

आईची एक गोष्ट मात्र तो हसत हसत सांगायचा आणि मला हसू यायचं नाही. वस्ती वसवली तेव्हा हुकूम होता, पलीकडून दिसतंय तर कुठलंही घर अंधारात राहता कामा नये. आता अर्धी घरं बंद पडलीत. हुकूम कधीच संपला. पण म्हातारीकडे शेजाऱ्यांच्या किल्ल्या आहेत, आणि ती संध्याकाळी घराघरात जाऊन दिवे लावून येते.

मग मीही आमचं सांगितलं. तुमची सरहद्द त्या पलीकडच्यांशी, आमची खाडीशी. रायगडात आमचं शेत म्हणजे पूर्वजांनी बांध घालून खाडीकडून हिसकावून घेतलेली जमीन. बांध आहे तोवर शेत, फुटला की खाडी. त्यात लाल भात होतं, दुसरं काही तग धरत नाही. चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडतात, म्हणून पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला घरटी एक माणूस फावडं-टोपली घेऊन बांधावर जायचा, अशी आमच्याकडे रीत. अब्बा गेले, चुलते गेले, मीसुद्धा लहानपणी गेलोय. मग एकेक घर कुवेतला यायला लागलं. बांधावर माणसाच्या जागी पैशांचे ड्राफ्ट यायला लागले. ड्राफ्टने भोक बुजत नाही. मजुरीची माणसं लावली, पण मजुराला रात्री चिंबोरी कुरतडताना थोडीच ऐकू येते! आपा एकटी बाई, ती मात्र प्रत्येक उधाणाला बांधावर जायची आणि तिथूनच मला फोन करून माझा उद्धार करायची.

बाबाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तू इथे काय करतोस? मी म्हटलं, तू काय करतोस?

इथे भात लावायची टूम कोणाच्या डोक्यातून निघाली यावर आमचा शेवटपर्यंत वाद होता. त्याच्याकडे आईच्या शेतातलं मूठभर बियाणं डब्यात होतं. मी आपाला सांगितलं, आपल्या लाल भाताचं बी पाठव. ती म्हणाली, वाळवंटात भात लावणार? उंटांना पेज पाजणार का? पण सुके बोंबील आणि सोड्यांच्या पिशवीत बियाण्याचं गाठोडं घालून शेजारच्या गावच्या एका माणसाच्या हाती पाठवलं. मुअज्जिबने जुन्या हरितगृहाचा कोपरा दिला, अट एकच, गोडं पाणी स्ट्रॉबेरीचं, त्याला हात लावायचा नाही. म्हणजे आम्हाला विहिरीचं मचूळ पाणी.

दोन म्हातारे कसे भांडले असतील याची कल्पना करा. बाबाने रोपं तयार करून दोरी लावून एका रेषेत लावली, जणू शाळेची कवायत. आमच्या खारात चिखलणी-लावणी नसते. बी भिजवायचं, मोड आणायचे आणि ते मोड फेकून पेरायचे, त्याला आम्ही रहू म्हणतो. मी फेकून पेरलं तेव्हा बाबाने डोळे मिटून घेतले. कोंबड्यांना दाणे टाकतोस का, असं त्याने हाताने विचारलं. मी म्हटलं, उंटावरून शेळ्या हाकू नको, आपली रांग बघ. त्या दिवसांत मी संध्याकाळची वाट बघायचो, कारण दिवसभर साठवलेलं भांडण मला कोणाशी तरी करायचं असायचं.

बाबाच्या रोपांची टोकं लवकरच करपली. गोड्या पाण्यातलं भात ते, मिठाचं पाणी त्याला कसं सोसणार? त्याने काही दिवस वाट पाहिली आणि मग एकेक काडी उपटून टाकली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. आमचं लाल भात वेडंवाकडं, दाट-विरळ, पण उभं राहिलं. दिवस लहान व्हायला लागले तशी त्याने पोटरी धरली, आणि अब्दलीच्या कोपऱ्यात खारातल्या भाताच्या लोंब्या आल्या. बाबा रोज सकाळी येऊन त्या नखाने दाबून बघायचा. तो मनाने मोठा माणूस होता.

त्याच सुमारास आपाचा फोन आला. शिव्या नव्हत्या, तेव्हाच मला कळलं काहीतरी झालंय. मोठ्या उधाणाला पाऊसवारा एकत्र आला आणि बांध फुटला. खाडी शेतात शिरली, घराच्या पडवीपर्यंत आली. पडवीतली कणगी भिजली, त्यात पुढच्या वर्षाचं बियाणं होतं, ते सगळं गेलं, गावात दुसऱ्या कोणाकडेही उरलं नाही. गावात उरलेल्या माणसांची बैठक झाली. उन्हाळ्यात बांध घालायचाच असं ठरलं, कारण खारं पाणी शेतात राहिलं की तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, रुजतात, आणि तिवरं एकदा रुजली की ती तोडायला कायद्याने बंदी. यंदा बांध झाला तर शेत, नाहीतर कायमची खाडी. तुझ्याकडे बी आहे, आपा म्हणाली, ते घेऊन पेरणीच्या आधी ये. मी म्हटलं, बघतो. ती म्हणाली, बघ.

कापणी आम्ही दोघांनी केली. बाबा कडेच्या लोंब्या पाखरांना सोडायला निघाला, मी त्याच्या हातातून विळा घेतला. त्याला सांगितलं की हे आता आमचं नुसतं भात नाही, गावाकडे एवढंच बी उरलंय. मग मात्र त्याने वाळूत पडलेला दाणा न् दाणा माझ्याबरोबर वेचला. झोडलं, पाखडलं, वाळवलं. एक बरीशी पिशवी भरली. ती मी माझ्या पलंगाखाली ठेवली आणि सबंध हिवाळा तिच्यावर झोपलो.

हिवाळा संपताना बाबाच्या आईचा फोन आला. ती काय म्हणाली ते त्याने सांगितलं नाही, एवढंच म्हणाला की रोपं टाकायची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी तो मुअज्जिबकडे गेला आणि म्हणाला, मी चाललो. ऐन स्ट्रॉबेरीचा हंगाम, करार अर्धा शिल्लक. मुअज्जिब भला माणूस, पण तोही तापला. बाबा मान खाली घालून ऐकत राहिला आणि मग सामान बांधायला गेला. मी त्याला सोडायला विमानतळावर गेलो. वाटेत त्याने विचारलं, तू कधी जाणार? मी म्हटलं, हा हंगाम होऊ दे.

"माझ्या आईने हे फार वेळा ऐकलंय," तो म्हणाला.

त्यानंतर मला फार एकटं वाटलं. त्यात लाज कसली? शेजारच्या खोलीला कुलूप. सूर्य बुडायला आला की मी हातातलं काम सोडून पायरीवर जाऊन बसायचो, आणि बसल्यावर आठवायचं की भांडायला कोणी नाही. कामगार बघायचे. कोणाला काही सांगावं तर कोणत्या भाषेत सांगणार? काही दिवस मी स्वतःशीच मोठ्याने बोलायचो, मग तेही बंद केलं.

जायला मला कोणी अडवलं नव्हतं. मुअज्जिब आपण होऊन म्हणाला होता की उन्हाळ्यात काम कमी असतं, जाऊन ये. मीच कारणं काढत बसलो. नवा माणूस हरितगृहात गोंधळ घालेल, पंपाचं बघायला कोणी नाही, गुडघे दुखतात. खरं कारण एकच, मला भीती वाटत होती. इतक्या वर्षांनी जाऊन मी बांधावर काय करणार होतो? टोपली उचलता आली नाही तर? गावात मला आता पाहुण्यासारखं खुर्ची देतात, बशीत बिस्किटं देतात. इथे निदान कामगार उठून उभे राहतात. आणि दुसरं असं की आपाने बी मागितलं होतं, तर बी पोचलं म्हणजे काम झालं, असं मी मनाला पटवलं.

आमच्याकडे ही जुनीच रीत आहे. स्वतः जायचं नसलं की जाणाऱ्याच्या हाती पाठवायचं. साबण, ब्लँकेट, औषधं, खजूर, आईसाठी चष्मा, बापाच्या कबरीवर लावायचा दगडसुद्धा आमच्यातल्या एकाने पाठवला होता. शेजारच्या गावचा एक जण मुलीच्या लग्नाला चालला होता, त्याला देण्यासाठी मी पिशवी घेऊन फरवानियाला गेलो. त्याआधी बी पुन्हा एकदा पाखडलं, दुहेरी कापडात शिवलं, वर आपाचं नाव घातलं. हॉटेलात आमच्या गावचे सगळे बसलेले. एकाने विचारलं, तू जाणार आहेस का? मी म्हटलं, नाही, बी पाठवतोय. दुसऱ्यानेही तेच विचारलं. तिसऱ्यानेही. मी नाही म्हटल्यावर सगळे चहा पीत राहिले. मला वाटलं, हे लोक एवढी चौकशी का करताहेत? परतताना ट्रकमध्ये मी खूश होतो. वाळवंटात पिकवलेलं बियाणं गावाला चाललंय, म्हटलं, आपा वाडीभर सांगत सुटेल.

आपाचा फोन आला नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. मी केला तर म्हणाली, पिशवी मिळाली, आणि ठेवून दिला. तिच्या शिव्या न ऐकता मी पहिल्यांदाच एवढे दिवस काढले. पेरणीचे दिवस आले तेव्हा मला राहवेना. दुपारच्या वेळी हरितगृहाच्या सावलीत उभं राहून मी फोन लावला आणि विचारलं, बांध झाला का.

ती शांतपणे सांगत गेली. मी येणार म्हणून तिने गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. माझा भाऊ बी घेऊन येतोय, तो स्वतः बांधावर उभा राहणार आहे. ते ऐकून दुसऱ्या घरांतल्या बायांनी आपापल्या माणसांना फोन केले, की तो येतोय तर तुम्हीही या, चार टोपल्या टाका, शेतं वाचतील. आणि फरवानियातले आमचे लोक तिकडून सांगत होते, तो निघाला की आम्हीही निघतो. म्हणजे त्या शुक्रवारी हॉटेलात मला तीन-तीनदा विचारत होते ते यासाठी. मग पिशवी गावात पोचली. पिशवीच्या मागून कोणी आलं नाही. आपा, तिच्या वयाच्या दोघी आणि एक म्हातारा मिळून बांधावर गेले, पडलेल्या जागी माती टाकली. पुनवेच्या उधाणाला ती वाहून गेली. आता शेतात तिवरांचे कोंब आलेत.

मी विचारलं, मग बी कुठे आहे, ते तरी राख, पुढच्या वर्षी बघू.

"कांडलं," ती म्हणाली. "दळून भाकऱ्या केल्या. चांगल्या झाल्या होत्या."

"आपा, बी होतं ते. आपलं शेवटचं बी."

"बी मला काय करायचं होतं रे? मी तुला बोलावत होते. पेरायला माणसं लागतात. खायला मी एकटी पुरे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी वाट बघितली की आता तरी शिवी देईल. तिने विचारलं, जेवलास का. मी हो म्हटलं.